वातावरणाचा माथा थंड का होतो आहे?

(राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांना जो शोध लागला, त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेचा आरंभ मात्र सात वर्षे आधी, एका सागरप्रवासात झाला होता. १९२१ साली नारकुंडा नावाच्या बोटीतून रामन स्वदेशी परतत असताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांचे मन वेधून घेतले. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूच प्रकाश विखरून टाकतात म्हणून तो रंग दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि बोट मुंबई बंदरात असतानाच त्यासंबंधीचे टिपण विलायतेच्या शास्त्रीय नियतकालिकाकडे रवाना केले. पदार्थाचा रेणू प्रकाश कसा विखरतो, एवढाच तो प्रश्न. वरवर पाहता अगदी निरुपद्रवी आणि व्यवहाराशी सुतराम संबंध नसलेला! पण आज पृथ्वीच्या हवामानाचे काय होते आहे आणि त्याला जबाबदार कोण, या अत्यंत व्यावहारिक, किंबहुना जीवनमरणाच्या प्रश्नाचे एक उत्तर याच प्रश्नाच्या पोटी दडलेले आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय ते उत्तर हाच आहे.

पृथ्वी तापते आहे हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु याच काळात जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटरपासून पुढे ऐंशी किलोमीटरपर्यंतची हवा तापत नसून थंड होत चालली आहे, ही गोष्ट सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांच्या कानावर गेलेली असते. ज्यांच्या कानावर जाते त्यांच्यातले काही जण लगेच विचारतात, "मग तापमानवाढीचा एवढा गवगवा कशासाठी? वर थंडी आणि खाली धग, म्हणजे हिशेब सारखाच झाला की!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागते ते असे, की वरची ही थंडी तापमानवाढीला छेद देणारी नाही. उलट तापमानवाढीचा खरा अपराधी ओळखून देणारी ती साक्षीदार आहे.

प्रथम या प्रदेशाचा भूगोल पाहू. आपण ज्या थरात राहतो, ज्यात ढग येतात, पाऊस पडतो, तो तपांबर. उष्ण कटिबंधात तो सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत असतो आणि त्यात जसजसे वर जावे तसतशी थंडी वाढते. त्याच्या वर सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत स्थितांबर. तेथे प्रकार उलटा असतो. वर जावे तसे तापमान वाढत जाते, कारण तेथील ओझोन वायू सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेतो आणि त्या शोषणातून हवा तापते. त्याच्याही वर सुमारे ८५-९० किलोमीटरपर्यंत मध्यांबर. तेथे पुन्हा थंडी वाढत जाते आणि त्याच्या माथ्यावर, ध्रुवीय प्रदेशात तर ऐन उन्हाळ्यात, तापमान शून्याखाली १३० अंशांच्याही खाली उतरते. स्थितांबर आणि मध्यांबर मिळून जो पट्टा होतो त्याला शास्त्रज्ञ मध्य वातावरण म्हणतात.

या पट्ट्याची अडचण अशी की तो कोणाच्याच आवाक्यात नव्हता. हवामानखात्याचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरवर पोचले की फुटतात. विमान तर त्याहून कितीतरी खाली. उपग्रहाला तेथे फिरता येत नाही, कारण तेवढ्या हवेच्या घर्षणानेही तो खाली कोसळेल. उरतो अग्निबाण, पण तो काही मिनिटे टिकतो आणि त्याचा खर्च मोठा. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला, आणि पुढे सोव्हिएत बनावटीचे एम-१०० हे हवामानविषयक अग्निबाण तेथून वर्षानुवर्षे, बहुधा आठवड्याला एक या हिशेबाने, सोडले गेले. उष्ण कटिबंधाच्या मध्य वातावरणाची जी मोजकी जुनी आकडेवारी जगाजवळ आहे, तीत थुंब्याचा वाटा मानाचा आहे. परंतु अग्निबाण थांबले की आकडेही थांबतात. म्हणूनच या थराला शास्त्रज्ञांनी थट्टेने 'अज्ञानमंडल' असे नाव ठेवले होते.

या अज्ञानमंडलात डोकावण्याचे जे साधन पुढे आले ते म्हणजे लायडार. त्याचे तत्त्व प्रत्येकाने घरी पाहिलेले आहे. कौलारू घरात दुपारी फटीतून कवडसा पडतो, तेव्हा त्या तिरपेत धुळीचे कण चमकताना दिसतात. कण प्रकाश विखरतात म्हणून तो झोत दिसतो. आता कल्पना करा, की धूळ मुळीच नाही, हवा अगदी स्वच्छ आहे. तरीही झोत पूर्ण अदृश्य होत नाही, कारण हवेचे रेणूही प्रकाश विखरतात, मात्र फार क्षीणपणे. या प्रकीर्णनाचा नियम इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. आकाशाचा निळा रंग हे त्याचेच फळ. लेसरच्या आधी, १९३० च्या दशकात, शोधदिव्याचा प्रखर झोत आकाशात टाकून वरच्या हवेचा अंदाज घेण्याचे प्रयत्न झालेही होते. १९६० साली पहिला लेसर निर्माण झाला आणि तीनच वर्षांत, १९६३ साली, अमेरिकेत फिओको व स्मलिन यांनी लेसरचा झोत वरच्या वातावरणात सोडून परतलेला क्षीण प्रकाश टिपून दाखविला.

मापनाची रीत अशी. निरभ्र रात्री जमिनीवरून हिरव्या लेसरची अतिसूक्ष्म काळ टिकणारी ठिणगी सरळ वर सोडतात. शेजारी दुर्बीण रोखलेली असते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे साठ किलोमीटरवरून परत यायला त्याला सेकंदाचा अवघा अडीच हजारावा भाग लागतो. प्रकाश किती वेळाने परतला यावरून उंची कळते आणि किती परतला यावरून त्या उंचीवर हवेचे रेणू किती दाट आहेत ते कळते. पन्नास किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा उरलेला असतो. त्यामुळे वरून परतणारा प्रकाश इतका थोडा की त्याचे कण एकेक करून मोजावे लागतात. एका ठिणगीने काहीच कळत नाही. अशा हजारो, लाखो ठिणग्या सोडून तासन् तास परतीच्या कणांची बेरीज करावी, तेव्हा एका रात्रीचे एक मापन हाती येते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण या शास्त्राइतकी अक्षरशः क्वचितच कोठे खरी ठरत असेल.

पण यातून तापमान कसे कळते? येथे खरी मौज आहे. गोदामात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी रचलेली असावी, तशी हवेची रचना असते. खालच्या पोत्यावर वरच्या सगळ्या पोत्यांचा भार. कोणत्याही उंचीवरचा दाब म्हणजे तिच्या वरच्या हवेचे वजन. घनता कळली की वरून खाली बेरीज करीत दाब काढता येतो, आणि दाब व घनता दोन्ही कळली की वायूच्या साध्या नियमाने तापमान निघते. उष्ण हवा फुललेली असते, म्हणून वर जाताना तिची घनता हळूहळू घटते. थंड हवा दबलेली असते, म्हणून तिची घनता झपाट्याने घटते. घटण्याचा हा वेग हाच तापमापक. थप्पीच्या अगदी माथ्यावर किती भार आहे हे तेवढे गृहीत धरावे लागते. पण दहा-पंधरा किलोमीटर खाली आल्यावर एकूण भारात त्या गृहीताचा वाटा नगण्य होतो आणि चूक आपोआप विरून जाते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील ओत्-प्रोव्हान्स वेधशाळेत आलँ ओशकोर्न आणि मारी-लीझ शानँ यांनी ही पद्धत सिद्धीस नेली. १९८० साली त्यांनी ३५ ते ७० किलोमीटरपर्यंतच्या तापमानाची मापने प्रसिद्ध केली आणि तेथील नियमित वेध पुढे दशकानुदशके चालू राहिले. या पद्धतीचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिला घनता प्रत्यक्ष किती याची गरज नाही. एका उंचीची दुसऱ्या उंचीशी तुलना एवढी पुरते. लेसर जुना होऊन मंदावला, आरसा धुरकटला, तरी सर्व उंचींवरचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी होतो आणि गुणोत्तर तसेच राहते. म्हणजे हा असा तराजू आहे, की वजने झिजली तरी मापात फरक पडत नाही. वीस-तीस वर्षांत अंशा-दोन अंशांचा बदल पकडायचा असेल, तर असा तराजूच हवा.

एक उणीव तरीही होती. तीस किलोमीटरच्या खाली सूक्ष्म कणांचा थर असतो. विशेषतः ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर. १९८२ साली मेक्सिकोचा एल चिचॉन आणि १९९१ साली फिलिपीन्सचा पिनाटुबो यांनी स्थितांबरात गंधकाच्या आम्लाचे धुके पसरविले. कणांनी विखरलेला प्रकाश आणि रेणूंनी विखरलेला प्रकाश मिसळला की हिशेब चुकतो. येथे पुन्हा रामन मदतीला आले. रेणू प्रकाश विखरताना त्यातील अल्पसा भाग रंग बदलून परततो, हाच रामन यांचा शोध. हिरव्या झोतातील थोडा प्रकाश नायट्रोजनच्या रेणूवरून नारिंगी होऊन येतो. तो हजारपट क्षीण असतो, पण धुळीचा कण हा रंग देऊ शकत नाही. तो फक्त नायट्रोजनचाच. म्हणून खालच्या थरासाठी नारिंगी प्रकाश आणि वरच्या थरासाठी हिरवा, अशी जोडणी केली जाते. ज्याला कोणी १९२८ साली 'याचा उपयोग काय?' असे विचारले असते, तो शोध आज पृथ्वीच्या ज्वराची चिकित्सा करीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरची हवा थंड का होते? १९६७ साली अमेरिकेत स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी गणिताने दाखविले, की हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीलगतचे तापमान दोन अंशांहून अधिक वाढेल आणि त्याच वेळी स्थितांबर थंड होईल. त्या काळी ना उपग्रहांची मापने होती ना लायडारची. पुढे १९८९ साली रोबल आणि डिकिन्सन यांनी गणित आणखी वर नेले. कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन दुप्पट झाल्यास मध्यांबर सुमारे दहा अंशांनी आणि त्याच्याही वरचा थर सुमारे पन्नास अंशांनी थंड होईल, असे ते गणित होते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. एका हौदात एकाच नळाने ठराविक पाणी येते आणि तळाच्या तोट्यांनी ते वाहून जाते. तोट्या वाढविल्या आणि नळ तसाच ठेवला, तर हौदातील पातळी उतरेल. स्थितांबरातील हौद उष्णतेचा आहे. त्याचा नळ म्हणजे ओझोनने शोषलेले सूर्याचे किरण आणि तोट्या म्हणजे मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइडचे रेणू. ते आसपासच्या हवेकडून उष्णता घेतात आणि अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात फेकून देतात. तेथे वर हवा इतकी विरळ की फेकलेली उष्णता पुन्हा अडविणारे फारसे कोणी नसते. रेणू वाढले म्हणजे तोट्या वाढल्या, पातळी उतरणारच. खाली तपांबरात मात्र हाच वायू दाट असतो. तेथे एका रेणूने फेकलेली उष्णता दुसरा रेणू अडवितो आणि ती जमिनीवरून निसटायला अडचण होते. एकच वायू, एकच गुणधर्म. खाली तो घोंगडीचे काम करतो आणि वर पंख्याचे.

येथे साक्षीदाराचा मुद्दा येतो. तापमानवाढीचा दोष सूर्याला देणारे लोक आहेत. सूर्य जर अधिक तळपू लागला असता, तर त्याची झळ प्रथम वरच्या थरांना लागली असती आणि वरपासून खालपर्यंत सगळेच तापले असते. खाली धग आणि वर थंडी ही जोडगोळी सूर्यामुळे निर्माण होऊच शकत नाही. अपराध्याच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्याच्या बोटांशी जुळत नाहीत, तसेच हे आहे. हवामानशास्त्रात या ठशांचा शोध घेण्याची पद्धत घालून देणारे क्लाउस हासेलमान आणि वर उल्लेख केलेले मानाबे या दोघांना २०२१ साली भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २०२३ साली बेंजामिन सँटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की १९८६ ते २०२२ या काळात मध्य व वरचे स्थितांबर सुमारे दोन अंशांनी थंड झाले आहे आणि तापमानवाढीचा मानवी ठसा जमिनीपेक्षाही तेथे अधिक ठळक उमटतो.

तथापि विज्ञानात वकिली चालत नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडावा लागतो. स्थितांबराच्या थंडीला कार्बन डाय-ऑक्साइड हे एकच कारण नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशीतनाच्या यंत्रांतील क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोन घटला, म्हणजे हौदाचा नळच बारीक झाला. खालच्या स्थितांबरात त्या वेळी जी थंडी वाढली तिचा मोठा वाटा या घटीचा होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती द्रव्ये आटोक्यात आली, ओझोनची घसरण थांबली आणि खालच्या स्थितांबराची थंडीही जवळजवळ थबकली. वरच्या थरांची थंडी मात्र चालूच राहिली. एकाच हवेत दोन रोग. त्यांतील एकावर जगाने एकमताने औषध घेतले आणि त्याचा गुण दिसला. दुसऱ्यावरचे औषध अद्याप पुरेसे घेतलेले नाही. तापमापक दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवितो आहे.

याखेरीज सूर्याचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र आहे. डागांचा जोर असताना वरची हवा तापते, ओसरताना निवते. उपग्रहाच्या मापनांवर आधारलेल्या २०२२ सालच्या एका अभ्यासात असे आढळले, की २००२ ते २०१९ या काळात ४८ ते १०५ किलोमीटर उंचीचा थर आक्रसून १,३३३ मीटरने कमी जाड झाला. पण त्यातील फक्त ३४२ मीटर कार्बन डाय-ऑक्साइडच्या खाती जमा आहेत, उरलेले सूर्याच्या मंदावण्याच्या. ज्याने केवळ एका चक्राच्या उतारावरची दहा वर्षे मोजली, तो फसणार. चढावर मोजली, तरी फसणार. शिवाय मध्यांबरात एका रात्रीतून दुसऱ्या रात्री तापमान कित्येक अंशांनी हेलकावे घेते, आणि शोधायचा असतो दशकाला दोन-तीन अंशांचा कल. म्हणजे हे काम एका संशोधकाच्या प्रबंधाच्या मुदतीत होणारे नव्हे. ते पिढीने पिढीच्या हाती सोपवायचे काम आहे.

या कामात भारताचा आणि महाराष्ट्राचा भाग काय, हे सांगितलेच पाहिजे. के. आर. रामनाथन हे रामन यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत प्रकीर्णनावर काम केलेले शास्त्रज्ञ. पुढे ते हवामानखात्यात आले आणि १९२९ साली त्यांनी दाखवून दिले, की विषुववृत्ताभोवती सुमारे १७ किलोमीटर उंचीवर अतिशय थंड हवेचे एक कडे आहे. जमिनीवर जेथे सर्वाधिक उष्मा, तेथेच वर एवढी थंडी, हा निष्कर्ष त्या काळी चकित करणारा होता. विक्रम साराभाई यांनी १९४७ साली अहमदाबादेत स्थापन केलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे रामनाथन हे पहिले संचालक झाले. त्याच प्रयोगशाळेने अबूच्या पहाडावर, अरवलीच्या सर्वांत उंच गुरुशिखरावर लायडार उभारला आणि १९९७ पासून मध्य वातावरणाचे वेध घेतले. पाठोपाठ १९९८ साली तिरुपतीजवळ गडंकी येथे जपानच्या सहकार्याने दुसरा लायडार उभा राहिला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तर १९८० च्या दशकातच लेसरने हवेतील कणांचे मापन सुरू झाले होते. मध्यांबराच्या तापमानाचा कल काय, यावर जगभरातील विखुरलेली मापने एकत्र तपासणारा जो आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांचे नेतृत्व याच पुण्याच्या संस्थेतील गुफ्रान बेग यांनी केले होते. त्या आढाव्याचा निष्कर्ष संयमित होता: मध्यांबराच्या खालच्या व मधल्या भागात बहुसंख्य अभ्यास दशकाला दोन-तीन अंशांची घट दाखवितात, परंतु ८० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात निश्चित असा कल आढळत नाही. जेथे पुरावा नाही तेथे 'नाही' म्हणण्याचे हे धैर्यही विज्ञानाचेच.

उष्ण कटिबंधातील मापनांचे मोल वेगळे आहे. बहुतेक जुने लायडार युरोप-अमेरिकेत आहेत. विषुववृत्ताजवळच्या आकाशाखाली मात्र मापनकेंद्रे मोजकीच. त्यातून पावसाळ्यात ढगांमुळे हे यंत्र मुके होते; मान्सूनचे महिने जवळजवळ कोरेच राहतात. म्हणजे ज्या आकाशाखाली जगातील कोट्यवधी शेतकरी मृगाची वाट पाहतात, त्या आकाशाच्या माथ्याविषयीच आपले ज्ञान सर्वांत तुटपुंजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की उपग्रह असताना जमिनीवरचे यंत्र कशाला? त्याला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. स्थितांबराचे तापमान मोजणारी उपकरणे १९७८ पासून २००६ पर्यंत एकामागून एक उपग्रहांवर बसविली गेली. प्रत्येक उपकरण निराळे, प्रत्येकाची मापनाची वेळ सरकत गेलेली आणि उपकरणातील वायूच्या कुपीतून गळती होऊन माप बिघडलेले. हे तुकडे जोडून एक सलग मालिका करण्याचे काम दोन नामांकित संस्थांनी स्वतंत्रपणे केले, आणि दोघींची उत्तरे इतकी भिन्न आली की २०१२ साली शास्त्रज्ञांना हे 'गूढ' जाहीरपणे मांडावे लागले. नंतर दुरुस्त्या होऊन अंतर कमी झाले. तात्पर्य असे, की आकाशातील घड्याळ लावायलाही जमिनीवर एक भरवशाचे घड्याळ लागते. १९९१ पासून जगातील अशा केंद्रांचे जे जाळे विणले गेले आहे, त्याचे प्रयोजन हेच; आणि त्या जाळ्याचे आकडे सर्वांना खुले असतात, ही गोष्ट अनुकरणीय आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्या देशात खेड्यापाड्यांत पिण्याच्या पाण्यासाठी मैलोन् मैल चालावे लागते, त्याने साठ किलोमीटर उंचीवरील हवेवर पैसा का खर्चावा? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात गरिबांविषयी कळकळ असते, म्हणून त्याचा उपहास करू नये. पण विचार केला तर दिसते, की अवर्षण, अतिवृष्टी आणि उष्म्याच्या लाटा यांची किंमत तोच गरीब सर्वांत आधी मोजतो. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड कोणी किती सोडला, याचा जागतिक हिशेब मांडताना त्याची बाजू घ्यायची असेल, तर हातात स्वतःचे, पारखलेले आकडे हवेत. दुसऱ्याच्या तराजूवर तोललेले धान्य घेऊन बाजारात भांडता येत नाही. आणि वरच्या थरांच्या आक्रसण्याचा संबंध थेट व्यवहाराशीही आहे. तेथील हवा विरळ झाली की पृथ्वीभोवती फिरणारी निकामी यंत्रे व त्यांचे तुकडे घर्षणाअभावी अधिक काळ टिकून राहतात. ज्या उपग्रहांवर वादळाची आगाऊ सूचना अवलंबून आहे, त्यांना त्या कचऱ्याचा धोका वाढतो.

खरा धोका आक्षेपांचा नाही, विस्मृतीचा आहे. नव्या यंत्राचे उद्घाटन होते, फोटो निघतात, हार घातले जातात. तेच यंत्र विसाव्या वर्षी चालू ठेवण्यासाठी लागणारा लेसरचा दिवा, रात्रपाळीचा तंत्रज्ञ, निवृत्त होणाऱ्याच्या जागी वेळेवर नेमलेला माणूस, यांसाठी मात्र तरतूद मागताना संकोच वाटावा अशी स्थिती जगभर आहे. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली कार्बन डाय-ऑक्साइडचे मापन आरंभिले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. १९६४ साली पैशाअभावी ते मापन काही काळ बंद पडले होते! आज तो आकडा ४२० च्या पलीकडे गेला आहे आणि ज्या आलेखावर साऱ्या जगाचे हवामानशास्त्र उभे आहे, त्यात त्या काटकसरीची खोच कायमची राहून गेली आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनची घसरण १९८५ साली जगापुढे आली तीही १९५० च्या दशकापासून चिकाटीने चालविलेल्या जमिनीवरील एका साध्या उपकरणामुळे. उपग्रहाच्या आकडेवारीतील असाधारण नीचांक तोपर्यंत शंकास्पद म्हणून बाजूला पडले होते. ते साधे उपकरण काटकसरीच्या नावाखाली १९७५ साली गुंडाळून ठेवले असते, तर माँट्रियलचा करार कधी आणि किती नुकसानीनंतर झाला असता, याची कल्पना करवत नाही.

मोडलेला पूल पुन्हा बांधता येतो, पडलेली शाळा पुन्हा उभारता येते. न मोजलेली रात्र पुन्हा मोजता येत नाही. या वर्षीच्या आकाशाचे तापमान पुढच्या वर्षी कितीही पैसा ओतला तरी कळणार नाही. म्हणून दीर्घकालीन मापनाचा खर्च हा संशोधकाच्या हौसेचा खर्च मानू नये. पाटबंधाऱ्याची देखभाल, जमिनीची मोजणी, जन्ममृत्यूची नोंद यांच्या पंक्तीला बसणारे ते सार्वजनिक कर्तव्य आहे. त्याची तरतूद कायमची असावी, त्यासाठी माणसे कायमची असावीत, आणि जनतेच्या पैशाने मिळालेले आकडे जनतेसाठी, महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठीही, खुले असावेत. एवढी मागणी करण्यासाठी कोणी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. नागरिक असणे पुरेसे आहे.

निरभ्र रात्री डोंगरावरून वर जाणारी हिरवी रेघ पाहणाऱ्याला त्यात क्षणभर गंमत वाटते. ती रेघ सोडणारा माणूस मात्र पहाटेपर्यंत जागा असतो आणि सकाळी त्याच्या हाती एका रात्रीच्या तापमानाची एक वाकडी ओळ येते. तिच्यातून त्या दिवशी काहीही सिद्ध होत नाही. अशा हजारो ओळी एकाखाली एक लागतात, तेव्हा वातावरणाचा माथा काय सांगतो आहे ते वाचता येते. १९६७ साली गणिताने जे भाकीत केले, ते या ओळींनी खरे ठरविले आहे. आता त्या साक्षीची दखल घ्यायची की नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो सभागृहांत, ग्रामसभांत आणि अशा सभांतूनच सुटायचा आहे.